धुऱ्यावरचा तरवड परत आणावा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मृग नक्षत्र तोंडावर आले की गावोगावच्या ग्रामपंचायतींत वृक्षलागवडीची लगबग सुरू होते. रोपवाटिकेतून रोपांची गाडी येते, रस्त्याच्या कडेला खड्डे घेतले जातात, फोटो निघतात आणि दिवाळीपर्यंत त्यांतील बहुतेक रोपांच्या काड्या झालेल्या असतात. यात कोणा एकाचा दोष आहे असे मला म्हणायचे नाही. बुलढाणा जिल्ह्याच्या घाटावरच्या तालुक्यांत पाऊस भर श्रावणातही दोन-दोन आठवडे ओढ देतो, आणि ज्या गावांत उन्हाळ्यात माणसांसाठी टँकरची वाट पाहावी लागते, तेथे रस्त्यालगतच्या रोपांना पाणी कोण घालणार, हा प्रश्न रास्तच आहे. म्हणूनच या वर्षीच्या यादीत अशा एका झुडपाला जागा मिळावी, ज्याला पहिला पावसाळा पार पडल्यानंतर पाणी, कुंपण वा राखणदार यांपैकी काहीही लागत नाही. ते झुडूप म्हणजे आपला तरवड.

पूर्व विदर्भातील वाचकांचा घोटाळा होऊ नये म्हणून आधीच सांगतो, की तरवड म्हणजे तरोटा नव्हे. पहिल्या पावसानंतर उगवणारी आणि कोवळी असताना भाजीसाठी खुडली जाणारी तरोट्याची रोपे वर्षभरात मरून जातात. तरवड मात्र वर्षानुवर्षे टिकणारे, कमरेपासून डोक्याइतके वाढणारे, बुंध्यापासून फांद्या फुटलेले झुडूप आहे. दोघेही एकाच कुळातले, त्यामुळे नावात व पानात साम्य आहे एवढेच. तरवडाची खात्रीची खूण म्हणजे पानाच्या देठाशी दोन्ही बाजूंना असलेली कानाच्या पाळीसारखी हिरवी उपपर्णे. शास्त्रीय नावातील ‘ऑरिक्युलाटा’ हा शब्द त्या कानांवरूनच आला आहे. फूल हळदीच्या रंगाचे, पाच पाकळ्यांचे, पाकळ्यांच्या कडा किंचित चुरगळल्यासारख्या. शेंग चपटी, साधारण अर्ध्या वितीएवढी, वाळली की कागदासारखी पातळ होऊन वाऱ्यावर खुळखुळते. भारत, श्रीलंका व म्यानमार हे त्याचे मूळ प्रदेश, म्हणजे हे कोणी परदेशातून आणून रुजवलेले झाड नाही.

माझ्या लहानपणी आमच्या सिंदखेडराजा तालुक्यात तरवड मुद्दाम शोधावा लागत नसे. पांदणीच्या दोन्ही अंगांना, गैरानाच्या मुरमाड उतारावर आणि वावरावावरांच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तो होताच. सकाळी दातवणासाठी त्याची काडी मोडली जाई, नवरात्रात घटावर रोज चढणाऱ्या माळेसाठी आई आम्हाला त्याचीच फुले आणायला पिटाळत असे, आणि त्याची साल कातडे कमावण्यासाठी सोलून नेणारी माणसेही मी पाहिली आहेत. मद्रास इलाख्यातला कातडे कमावण्याचा मोठा धंदा एकेकाळी याच सालीवर उभा होता. पुढे दक्षिण आफ्रिकेतून वॅटल झाडाची साल येऊ लागली आणि तरवडाची मागणी ओसरली. आमच्या भागातला तरवड मात्र त्या कारणाने गेलेला नाही. तो गेला जेसीबीने आणि तणनाशकाने. पांदण रस्ते रुंद व मजबूत झाले पाहिजेत याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही, कारण पावसाळ्यात गुडघाभर गाळातून बैलगाडी काढण्याचा अनुभव मीही घेतलेला आहे. परंतु रस्ता बारा फुटांचा करायचा असताना दोन्ही बाजूंची झुडपे मुळासकट खरवडून काढण्याची जी पद्धत पडली आहे, तिची गरज कोणी तपासून पाहिलेली नाही. धुऱ्यांचे तसेच. निंदणाला मजूर मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही, म्हणून पंप पाठीवर घेऊन पिकाबरोबर धुराही फवारला जातो. एक-दोन वर्षांत धुरा उघडा पडतो आणि मोकळ्या झालेल्या जागेत आधी येते ते गाजरगवत. कपाशीवर येणारा पिठ्या ढेकूण याच गाजरगवतावर मुक्काम करतो, हे कृषी विभागाने अनेकदा सांगूनही आपण ज्याला हटवायला हवे त्याच्यासाठी जागा करून देत आहोत.

या झुडपाचा कैवार घेण्यामागचे खरे कारण म्हणजे त्याच्या फुलावर येणारा काळा भुंगा. आश्विन महिन्यात सकाळी साडेसात-आठच्या सुमारास फुललेल्या तरवडाजवळ पाच मिनिटे स्तब्ध उभे राहिले, तर एक गोष्ट डोळ्यांआधी कानांना कळते. भुंगा उडत येतो तेव्हा त्याचा घुमघुमाट खर्जातला असतो. तो फुलाला बिलगला की क्षणभर शांतता होते आणि लगेच एक वेगळाच, चढ्या पट्टीतला, तुटक आवाज येतो, जणू कोणी कंगव्यावर कागद धरून फुंकर मारीत आहे. असा आवाज दोन-तीनदा होतो आणि भुंगा पुढच्या फुलाकडे जातो. हा आवाज पंखांच्या फडफडीचा नसतो. भुंगा फूल पायांनी घट्ट धरतो, पंख न हलवता केवळ छातीचे स्नायू थरथरवतो आणि ती थरथर फुलाला देतो.

असे त्याला का करावे लागते, हे फूल हातात घेऊन पाहिले की उमगते. तरवडाच्या फुलात दहा पुंकेसर असतात. त्यांतील वरचे तीन खुजे व वांझ असतात, मधले मध्यम उंचीचे आणि खालचे लांब व आत वळलेले. बहुतेक फुलांचे परागकोश पिकले की उभे उकलतात आणि पराग आपोआप मोकळा होतो. तरवडाच्या परागकोशाला मात्र फक्त टोकाशी बारीक छिद्र असते, मिठाच्या डबीला असते तसे. डबी हलवल्याशिवाय मीठ पडत नाही, त्याप्रमाणे योग्य थरथर मिळाल्याशिवाय पराग बाहेर येत नाही. आपल्या नेहमीच्या मधमाशीला ही थरथर देता येत नाही. ती येते, पण भुंग्याने सांडलेले पाकळ्यांवरचे परागकण गोळा करून जाते. या फुलात मध नसतोच. भुंग्याला पराग हवा असतो तो पिलांसाठी, आणि मधल्या पुंकेसरांतून तो काढत असताना खालच्या लांब पुंकेसरांचा पराग त्याच्या अंगावर उडतो व पुढच्या फुलाच्या स्त्रीकेसराला लागतो. भुंगा नसेल तर तरवडाला शेंग धरणे अवघड होते, आणि पराग देणारी झुडपे नसतील तर भुंग्याची पिले उपाशी राहतात. दोघांचे एकमेकांत इतके गुंतलेले आहे.

हा भुंगा म्हणजे कीर्तनात हमखास भेटणारा, कोरडे लाकूड लीलया पोखरणारा पण कोमल कळीत अडकून पडणारा भ्रमरच होय. तो खरोखरच लाकूड पोखरतो. वठलेली फांदी, गोठ्याचे जुने आडे, कुंपणातला वाळका बांबू यांत तो बोटभर रुंदीचे गोल भोक पाडतो, आत पराग व मध यांचा लाडू करून ठेवतो आणि प्रत्येक लाडवावर एक अंडे घालून मध्ये भुशाची भिंत घालतो. (खरे तर घालतो नव्हे, घालते; ही सारी मेहनत मादीची असते, आणि नराला नांगीसुद्धा नसते. मराठीने त्या प्राण्याला सरसकट पुल्लिंगी ठरवून तिच्यावर अन्यायच केला आहे.) भुंग्याला घाबरून गोठ्यातली भोके मातीने लिंपणारे बरेच आहेत, परंतु तो आपणहून अंगावर येत नाही, आणि मादीही हाताने पकडल्याशिवाय सहसा नांगी मारीत नाही.

शेतकऱ्याला भुंग्याचे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर तुरीत आहे. तुरीच्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर खालच्या दोन जुळलेल्या पाकळ्यांच्या होडीत दडलेले असतात. भुंग्यासारखा जड कीटक त्यावर बसला की वजनाने ती होडी दबते आणि आतले केसर वर येऊन त्याच्या पोटाला लागतात. तूर स्वतःच्या परागानेही शेंग धरते हे खरे, परंतु एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडावर जाण्याचे काम भुंगे आणि रानातल्या एकेकट्या राहणाऱ्या माश्याच करतात, आणि संकरित तुरीचे बियाणे तर त्यांच्याशिवाय तयारच होत नाही. आता वर्षाचे गणित पाहावे. आमच्याकडे तूर कार्तिक-मार्गशीर्षात फुलते आणि महिना-सव्वा महिन्यात आटोपते. उरलेले दहा-अकरा महिने हे भुंगे काय खाऊन जगणार? सोयाबीनचे फूल बारीक आणि थोड्या दिवसांचे, हरभऱ्याचे फूल उमलण्याआधीच आतल्या आत परागीभवन उरकून घेते, उन्हाळ्यात वावर तर उघडेच. तरवडाचा मुख्य बहर पावसाळ्याच्या अखेरीपासून हिवाळ्यापर्यंत असतो आणि त्यानंतरही अधूनमधून त्याच्यावर फुलांचा घोस दिसतो. तुरीच्या आधी आणि नंतर भुंग्याला धरून ठेवणारी खानावळ धुऱ्यावर असणे, हा शेतीचाच एक भाग समजला पाहिजे.

भुंग्याइतकाच तरवडावर हक्क सांगणारा दुसरा पाहुणा म्हणजे फिकट हिरवट-पांढरी, वेगाने सरळ रेषेत उडणारी फुलपाखरे. इंग्रजीत त्यांना एमिग्रंट म्हणतात. त्यांतील कॉमन एमिग्रंट आणि मॉटल्ड एमिग्रंट या दोन्ही जाती बहावा, तरोटा, तरवड याच गोतावळ्यातल्या झाडांवर अंडी घालतात. पावसाळ्यात कोवळ्या पानावर तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक, दोन्ही टोकांना निमुळते, पांढरे अंडे उभे चिकटवलेले दिसते. त्यातून निघणारी अळी पानाच्या रंगाचीच, कुशीला फिकट पट्टा व त्याच्यालगत काळे ठिपके असलेली. ती पानाच्या मधल्या शिरेवर लांबट पडून राहिली की शोधूनही सापडत नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्या एका झुडपाची जवळजवळ निम्मी पाने या अळ्यांनी खाल्ली आणि पंधरा दिवसांत ते झुडूप पुन्हा भरून आले. अळी दिसली की पंपाकडे हात जाण्याची आपल्याला सवय लागलेली आहे. या अळ्यांच्या बाबतीत तो हात आवरावा, कारण त्या कपाशीवर किंवा तुरीवर जात नाहीत. शिवाय तरवडाच्या पानातील पर्णिकांच्या जोड्यांमध्ये बारीक ग्रंथी असतात, त्यांतून गोड रस पाझरतो आणि तो चाटायला मुंग्या दिवसभर फांद्यांवर ये-जा करीत असतात. फुलात मध नाही पण पानात आहे, असे हे उफराटे झाड.

तरवड लावण्याचा माझा अनुभव सहा वर्षांचा आहे आणि त्याची सुरुवात फजितीने झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी दोन किलोमीटर अंतरावरच्या गैरानातून शेंगा आणल्या, बी काढले आणि मृगाच्या सरीबरोबर आमच्या साडेचार एकराच्या वावराच्या उत्तर धुऱ्यावर टोकले. तीनशेच्या आसपास बियांतून वीसही रोपे दिसली नाहीत. बियाणे खराब म्हणून मी ते सोडून दिले असते, पण दुसऱ्या वर्षी त्याच जागी, न पेरताच, आणखी काही रोपे वर आली. तेव्हा लक्षात आले की बी मेलेले नव्हते, झोपलेले होते. तरवडाच्या बियांचे कवच इतके कठीण असते की त्यातून पाणी आत शिरायला एखादे-दोन पावसाळे जावे लागतात, आणि कोरड्या मुलखात जगणाऱ्या झाडाला ते शहाणपणाचेच आहे, कारण सगळे बी एकाच वर्षी उगवले आणि त्याच वर्षी पाऊस रुसला तर वंश संपेल.

त्यानंतर मी जी रीत धरली ती अशी. शेंगा झाडावरच तपकिरी व कडकडीत वाळू द्याव्यात आणि माघ ते वैशाख या काळात तोडाव्यात. ज्या बियांना टाचणीएवढे भोक असेल त्या किडलेल्या समजून फेकाव्यात. पेरणीच्या आदल्या संध्याकाळी पातेल्यात पाणी उकळून ते चुलीवरून उतरवावे, उकळी बसली की त्यात बी सोडावे आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. सकाळी जे बी फुगून दुप्पट झालेले असेल ते लावण्याजोगे; जे तसेच टणक राहिले असेल त्यावर पुन्हा हीच क्रिया करावी. पाणी उकळत असताना बी टाकू नये, ते शिजते. ज्यांना हा खटाटोप नको असेल त्यांनी बी जाड वाळूबरोबर पोत्यात घालून घासले तरी चालते. धुऱ्यावर तीन-चार फुटांवर, नखभर खोलीवर, एका जागी तीन-चार बिया टोकाव्यात. पिशवीत रोप करून लावण्याच्या भानगडीत पडू नये, कारण तरवडाचे सोटमूळ पहिल्या काही आठवड्यांतच खोल जाते, पिशवीत ते वेटोळे घालून बसते आणि मग लावलेले झाड जन्मभर पाण्यासाठी तोंड वर करून राहते. पहिल्या वर्षी भोवतालचे गवत दोनदा खुरप्याने काढावे, एवढीच काय ती सेवा. मुरमाड व हलक्या जमिनीत तो उत्तम येतो, काळ्या जमिनीतही येतो, मात्र पाणी तुंबणारी चिबड जागा त्याला चालत नाही. दुसऱ्या वर्षापासून फुले येतात. फार वाढला तर शेंगा काढून झाल्यावर गुडघ्याएवढा छाटावा. पावसाळ्यात तो पुन्हा फुटतो.

आज माझ्या उत्तर आणि पूर्व धुऱ्यावर मिळून शंभरावर झुडपे उभी आहेत. त्यांना मी एकदाही विहिरीचे पाणी दिलेले नाही. मधल्या एका वर्षी शेजारच्या वावरात वारा असताना तणनाशकाची फवारणी झाली आणि पूर्वेकडची अकरा झुडपे आठ दिवसांत पिवळी पडून वाळली. त्यांतील चार पुढच्या पावसात बुंध्यातून फुटली, सात गेली. शेजाऱ्यांना बोल लावण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या लेखी ते झुडूप म्हणजे तणच होते. “मास्तर, लोक धुरा साफ करतात अन् तुम्ही धुऱ्यावर कचरा पेरता?” असे त्यांनी मला सुरुवातीलाच हसत विचारले होते. गेल्या दसऱ्याला मात्र त्यांच्या घरच्या घटाची फुले माझ्याच धुऱ्यावरून गेली, आणि आता मधल्या धुऱ्यावर वारा असताना पंप चालत नाही.

शेतकऱ्यांचे काही आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप असा, की धुऱ्यावर झुडूप ठेवले की रानडुकरे लपतात आणि साप वाढतात. रोही आणि रानडुकरांनी विदर्भातला शेतकरी किती गांजला आहे हे मला कोणी सांगायला नको. रात्र-रात्र मचाणावर काढलेली माणसे माझ्या घरात आहेत. परंतु डुकराला लपायला जाळी लागते, आणि ती जाळी रायमुनिया किंवा वेडी बाभूळ यांची होते. तीन-चार फुटांवर एकेक उभा असलेला, वरून पसरणारा व बुडाशी मोकळा तरवड आरपार दिसतो. घराच्या वा गोठ्याच्या अगदी लगत तो लावू नये, हेही मी मान्य करतो. दुसरा आक्षेप सावलीचा. ओळ वावराच्या उत्तर अंगाला धरली तर हिवाळ्यात सावली पिकावर न पडता पलीकडे पडते. अर्थात पलीकडे शेजाऱ्याचे वावर असते, म्हणून त्याच्याशी बोलून घेणे बरे. आणखी एक, काहीशी खासगी पण महत्त्वाची बाब. आपल्याकडे धुरा दर वर्षी नांगराच्या एकेका तासाने बारीक होत जातो आणि मग भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात. खोल मुळाच्या झुडपांची ओळ उभी असली की धुरा सरकत नाही. या एका कारणासाठीसुद्धा काही जण माझ्याकडून बी घेऊन गेले आहेत.

उत्साहाच्या भरात तरवडाच्या नावावर नको ते गुणही चिकटवू नयेत. तो शेंगवर्गीय असल्यामुळे जमिनीला नत्र देतो असे काही जण सांगतात. ते खरे नाही. तूर, ताग, हरभरा यांच्या मुळांवर नत्र साठवणाऱ्या गाठी असतात, तरवडाच्या मुळांवर त्या नसतात. झडलेल्या पानांचे खत होते तेवढेच. त्याचप्रमाणे फुलांचा काढा मधुमेहावर घेण्याची जी प्रथा आहे, ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी सुरू करू नये आणि चालू गोळ्या तर मुळीच बंद करू नयेत.

आता वृक्षलागवडीकडे वळतो. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली दोन कोटी, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी आणि २०१९ साली तेहतीस कोटी वृक्षांच्या लागवडीचे उद्दिष्ट ठेवले होते. त्या आकड्यांवर पुष्कळ वाद झाले, त्यांत मला शिरायचे नाही. माझा मुद्दा ‘वृक्ष’ या शब्दाशी आहे. उद्दिष्ट वृक्षांचे असले की मोजणी खड्ड्यांची होते, आणि मग झुडूप, वेल, गवत, रानफूल यांना यादीत स्थानच उरत नाही. त्यातही वृक्ष कोणते, तर गुलमोहर, जो मादागास्करचा. गिरिपुष्प आणि सुबाभूळ, जे मेक्सिको व मध्य अमेरिकेकडचे. आणि रस्त्यांच्या कडेचा काशिद, जो तरवडाचाच भाऊबंद असूनही आग्नेय आशियातला. गिरिपुष्पाचा हिरवळीच्या खतासाठी उपयोग आहे आणि तो ज्याला करायचा त्याने करावा. परंतु पाण्याविना जगणारे, इथल्याच मातीतले आणि इथल्या भुंग्या-फुलपाखरांच्या ओळखीचे झुडूप उपलब्ध असताना त्याचे एक किलो बीसुद्धा शासकीय रोपवाटिकेत मागून मिळू नये, ही गोष्ट मला खटकते. मी दोन ठिकाणी विचारले, एका ठिकाणी मला बहाव्याची रोपे दाखवण्यात आली आणि दुसऱ्या ठिकाणी, “ते तर रानात आपोआप येते, त्याचे रोप कोण करील?” असे उत्तर मिळाले. आपोआप येत होते, तोवर ते उत्तर बरोबर होते.

शेजारच्या तेलंगणाने याच तरवडाला, त्यांच्या तंगेडूला, राज्यफुलाचा मान दिलेला आहे. तिकडे आश्विनात बतुकम्माच्या सणाला फुलांची आरास सजते तेव्हा तंगेडूची पिवळी फुले आणि गुनुगु, म्हणजे आपल्याकडच्या कुरडूचे तुरे, यांचे थरावर थर रचले जातात. सणाला फुले लागतात म्हणून झुडपे राखली जातात, असा तो सरळ व्यवहार आहे. आपल्याकडे घटाची माळ आता बाजारातल्या झेंडूची झाली आहे, आणि तो झेंडूही मुळात मेक्सिकोचा.

जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने गावाची लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. आमच्या गावची नोंदवही मी मागून पाहिली. तिच्यात आंबा, चिंच, कडुनिंब यांची नोंद होती, तरवडाची नव्हती. ग्रामसभेत विनंती केल्यावर त्याची नोंद झाली आणि त्याखाली मी आणखी पाच झुडपांची नावे घातली. वाचकांपैकी कोणाला शक्य असेल त्यांनी आपापल्या गावची नोंदवही एकदा उघडून पाहावी. जिल्हा परिषद व सामाजिक वनीकरण विभाग यांना माझी विनंती एवढीच आहे, की पांदण रस्त्यांचे काम झाल्यावर दोन्ही कडांना रोपांऐवजी तरवडाचे बी टोकण्याची तरतूद अंदाजपत्रकात ठेवावी. खड्डे, पिशव्या, वाहतूक आणि टँकर यांचा खर्च वाचवून हे काम गावातल्याच बायाबापड्यांकडून दोन दिवसांत होण्यासारखे आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने आणि जिल्ह्यांतील कृषी विज्ञान केंद्रांनी तूर उत्पादकांसाठी काढलेल्या माहितीपत्रकांत धुऱ्यावरच्या फुलझाडांबद्दल दोन ओळी घातल्या, तर त्या माझ्यासारख्याच्या पत्रापेक्षा अधिक लोकांपर्यंत पोहोचतील. गैरानावर मात्र खड्डे खणून काही लावू नये. तेथे जे गवत आणि जो तरवड आहे तो नुसता राखला तरी पुरे. तितर आणि ससे त्याच्याच आडोशाला राहतात.

हे पत्र मी वैशाखात लिहीत आहे. शेंगा अजून झाडांवर आहेत, थोड्याच दिवसांत वळवाच्या वाऱ्याने त्या गळून बी मातीत मिसळेल. ज्यांच्या शिवारात एखादे जरी झुडूप उरले असेल त्यांनी या आठवड्यात एक पिशवी भरून घ्यावी. मी यंदा पांदणीच्या उत्तर कडेला, जेसीबीने उघड्या पाडलेल्या पट्ट्यात, ग्रामपंचायतीच्या परवानगीने बी टोकणार आहे. मागच्या वर्षी सातवीत असलेली चार मुले बरोबर येणार आहेत आणि पाणी उकळण्याचे पातेले शाळेच्या पोषण आहाराच्या खोलीतून मिळायचे ठरले आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक व शेतकरी
ता. सिंदखेडराजा, जि. बुलढाणा